लेन्सच्या नळीवरची ओळ: स्वस्त टेलिफोटो झूम निवडताना काय वाचावे

भिगवणजवळच्या कुंभारगावातून उजनी धरणाच्या फुगवट्यावर नाव निघते. नावाडी इंजिन बंद करून बांबूच्या आधाराने ती रोहित पक्ष्यांच्या थव्यापासून साधारण पन्नास मीटरवर आणून उभी करतो आणि नव्या कॅमेऱ्याच्या मालकाला आपल्या किट लेन्सची मर्यादा तिथेच पहिल्यांदा कळते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स ५५ वर नेली, तरी त्या अंतरावर चौकटीत सुमारे वीस मीटर रुंदीचे आणि साडेतेरा मीटर उंचीचे दृश्य मावते. सव्वा मीटर उंचीचा रोहित त्यात चौकटीच्या उंचीचा जेमतेम अकरावा हिस्सा व्यापतो. त्याच जागेवरून २५० मिलिमीटरच्या लेन्सने पाहिले, तर चौकटीची उंची तीन मीटरांवर येते आणि तोच पक्षी तिचा चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक भाग भरतो. त्या सहलीहून परतलेला माणूस आठवडाभरात दूरचे मोठे दाखवणाऱ्या टेलिफोटो लेन्सच्या किमती शोधू लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मग दुकानात किंवा मित्रमंडळींत पहिला प्रश्न येतो, ‘२५० घेऊ की ३००?’ माझ्या मते स्वस्त लेन्सच्या बाबतीत हा सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. लेन्सच्या नळीवर किंवा समोरच्या काचेभोवती जी एक ओळ छापलेली असते, तिच्यात निर्णयाला लागणारे जवळजवळ सगळे काही असते. पण आपली नजर मोठ्या आकड्यावर खिळते आणि त्याच्या मागेपुढे असलेली दोन-तीन अक्षरे वाचायची राहून जातात. कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० किंवा त्यांच्या आसपासचा कॅमेरा असलेल्या आणि खिशाला फार ताण न देता पहिली टेलिफोटो घेऊ पाहणाऱ्या वाचकासाठी ही ओळ कशी वाचायची, ते इथे सांगतो.

ओळीतले मिलिमीटरचे आकडे म्हणजे नाभीय अंतर. शाळेच्या भौतिकशास्त्रात भिंगाच्या मध्यापासून नाभीपर्यंतचे अंतर म्हणून जे शिकलो, तेच हे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की हा आकडा दुप्पट झाला की चौकटीत मावणारे दृश्य निम्म्या रुंदीचे होते आणि त्यातली वस्तू दुप्पट मोठी दिसते. ५५-२५० असे लिहिलेले असेल, तर ती लेन्स या दोन टोकांच्या मधल्या कुठल्याही अंतरावर वापरता येते, म्हणून ती झूम. फोनच्या आणि छोट्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातींमुळे ‘किती एक्स?’ असे विचारायची सवय लागली आहे, पण तो आकडा लांबच्या टोकाला जवळच्या टोकाने भागून येतो आणि पल्ल्याविषयी काहीच सांगत नाही. १८-५५ ची लेन्स तीन एक्स आहे, ५५-२५० ची साडेचार एक्स, आणि पक्षी छायाचित्रकार दोन किलो वजन सोसून बाळगतात ती १५०-६०० फक्त चार एक्स.

आता २५० आणि ३०० मधला फरक मोजून पाहू. समोर दहा मीटरवर तारेवर खंड्या बसला आहे आणि त्याची लांबी सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर आहे. कॅननच्या प्राथमिक कॅमेऱ्यात २५० वर चौकटीची रुंदी या अंतरावर एकोणनव्वद सेंटिमीटर असते, म्हणजे खंड्या तिचा जवळपास एकतृतीयांश भाग व्यापतो. ३०० वर रुंदी चौऱ्याहत्तर सेंटिमीटर होते आणि खंड्या अडतीस टक्के जागा घेतो. हाच फायदा २५० ची लेन्स घेऊन खंड्याच्या दिशेने पावणेदोन मीटर सरकल्याने मिळतो. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रात एकतृतीयांश रुंदी म्हणजे सुमारे एकोणीसशे पिक्सेल, आणि ते फोनच्या पडद्यासाठी किंवा पोस्टकार्डाएवढ्या छापील प्रतीसाठी पुरेसे आहेत, मात्र ते पिक्सेल स्पष्ट असायला हवेत. पुढचे सगळे विवेचन या शेवटच्या अटीभोवती फिरते.

‘क्रॉप’ गुणक हा शब्दही याच वेळी कानावर पडतो. प्राथमिक कॅमेऱ्यांतला संवेदक जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे कॅननमध्ये १.६ ने आणि निकॉनमध्ये १.५ ने गुणून त्या फिल्मच्या मापातला समतुल्य पल्ला काढतात. कॅननवरची २५० अशा रीतीने ४०० सारखी आणि निकॉनवरची ३०० ही ४५० सारखी वागते. लेन्स मात्र आहे तीच राहते, तिला जादूने लांबी मिळत नाही. दोन्ही कंपन्यांच्या नेहमीच्या स्वस्त लेन्सांमधला प्रत्यक्ष फरक पाचव्या हिश्शाचा नसून आठव्या हिश्शाचा आहे, एवढेच या गुणाकारातून घ्यावे.

आकड्यांनंतर एफ/४-५.६ किंवा एफ/४.५-६.३ असे काही असते. पैसा कुठे जातो, ते इथे कळते. नाभीय अंतराला या आकड्याने भागले, की लेन्समधून प्रकाश येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ३०० ला ५.६ ने भागले, तर सुमारे चोपन्न मिलिमीटर येतात. एफ/२.८ ची ३०० मिलिमीटरची लेन्स बनवायची झाली, तर हाच व्यास एकशे सात मिलिमीटर लागतो, म्हणजे समोरची काच छोट्या ताटलीएवढी होते. एवढी मोठी काच निर्दोष घासणे, तिच्यामागे तितक्याच मोठ्या दुसऱ्या काचा बसवणे आणि हे सगळे पेलणारी नळी बनवणे यांमुळे अशा लेन्सची किंमत लाखांत जाते. स्वस्त लेन्स स्वस्त का, याचे मुख्य उत्तर तिच्या लहान छिद्रात आहे. ते कळले की तिच्याकडून काय मागू नये, हेही कळते. दोन आकडे असतात, कारण झूम लांब करत गेले की छिद्र सापेक्षतेने लहान होत जाते. दुसरा आकडा लांबच्या टोकाचा, आणि टेलिफोटो घेणारा माणूस बहुतेक वेळ त्याच टोकाला असतो.

एफ/५.६ आणि एफ/२.८ यांच्यात चौपट प्रकाशाचा फरक आहे. मैदानावर सकाळी नऊ वाजता चाललेल्या क्रिकेट सामन्यात हा फरक जाणवतही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र, रंगमंचावरच्या पिवळट उजेडात आणि प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून, तो पुरता जाणवतो. तिथे आयएसओ, म्हणजे संवेदकाची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, ६४०० पर्यंत चढवूनही नाचणाऱ्या मुलीचे हात पुसट येतात आणि पालक लेन्सला दोष देतात. ज्यांना मुख्यत्वे सभागृहातलीच छायाचित्रे काढायची आहेत, त्यांनी स्वस्त टेलिफोटो झूमच्या वाटेला जाऊच नये. ८५ मिलिमीटर एफ/१.८ सारखी स्थिर नाभीय अंतराची लेन्स घेऊन पुढच्या रांगेत जागा पकडणे अधिक फलदायी ठरते. एफ/५.६ की एफ/६.३, यावर मात्र फार वेळ घालवू नये, कारण तो फरक एकतृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे).

आता ज्या अक्षरांसाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येतो. कॅनन त्यांना आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस आणि सोनी ओएसएस. अर्थ सगळ्यांचा एकच: लेन्सच्या आत एक काचसमूह हलता ठेवलेला आहे आणि हाताचा कंप मोजून तो त्याच्या उलट दिशेला सरकतो. पहिली टेलिफोटो घेताना मी ३०० या आकड्याला भुललो आणि ही अक्षरे नसलेली जुनी लेन्स मोठ्या हौसेने घरी आणली. पुढचे कितीतरी महिने प्रत्येक चित्र किंचित मऊ येत होते आणि मी कॅमेऱ्याच्या फोकसला दोष देत होतो. एका दुपारी तीच लेन्स भिंतीच्या कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांच्या टायमरने चित्र काढले, तेव्हा पानाची शीर न् शीर स्पष्ट आली. दोष माझ्या हातांचा होता, आणि हात सगळ्यांचेच हलतात.

हाताच्या कंपासाठी जुना ठोकताळा असा आहे, की शटरचा वेग समतुल्य नाभीय अंतराच्या व्यस्ताएवढा तरी असावा. कॅननवर २५० साठी तो १/४०० सेकंद आणि निकॉनवर ३०० साठी साधारण १/५०० येतो. झाडीत, ढगाळ सकाळी, एफ/५.६ वर हा वेग मिळवायला आयएसओ बरेच वाढवावे लागते. या कंप रोखणाऱ्या व्यवस्थेने, म्हणजे स्टॅबिलायझरने, तीन स्टॉपची मदत केली, तर १/४०० ऐवजी १/५० ला स्थिर वस्तूचे स्पष्ट चित्र मिळू शकते. त्याचा दुसरा उपयोग कमी सांगितला जातो: एसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यात शटर अर्धे दाबताच व्ह्यूफाइंडरमधले दृश्यच स्थिरावते, त्यामुळे फोकसचा बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर धरून ठेवता येतो. मात्र स्टॅबिलायझर आपला हात थांबवतो, पक्ष्याला थांबवत नाही. उडणाऱ्या रोहितासाठी १/१००० किंवा त्याहून अधिक वेग लागतोच आणि त्या वेगाला स्टॅबिलायझरचा उपयोग जवळजवळ उरत नाही.

म्हणूनच ‘३०० आणि स्वस्त’ एवढ्यावर घेतल्या जाणाऱ्या काही लेन्सांपासून जपावे. कॅननची ईएफ ७५-३०० एफ/४-५.६ ची तिसरी आवृत्ती १९९९ सालची आहे आणि तिच्यात आयएस नाही. कॅननच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटमध्येही, म्हणजे लेन्स-जोडणीतही, ७५-३०० याच आकड्यांची लेन्स आहे आणि तिच्यातही ती अक्षरे नाहीत. टॅमरॉनच्या स्वस्त ७०-३०० मध्येही व्हीसी नाही. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० तर दोन रूपांत मिळते, एक व्हीआरसह आणि एक व्हीआरशिवाय. दिसायला दोन्ही सारख्या आहेत आणि वजनातही पंधरा-वीस ग्रॅमचाच फरक आहे. जुन्या बाजारातली जाहिरात वाचताना ‘निकॉन ७०-३०० एएफ-पी’ एवढ्यावर समाधान मानू नये, नळीवरच्या ओळीचे छायाचित्र मागवावे. ट्रायपॉडवरूनच काम करणाऱ्याला किंवा भर उन्हातले खेळ टिपणाऱ्याला विनास्टॅबिलायझर लेन्स चालून जाईल. पण तसे शिस्तीचे नवशिके मी फारसे पाहिलेले नाहीत.

दुसरी अक्षरे मोटरची. ही चुकली, तर लेन्स बसते पण फोकस होत नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांमध्ये फोकस फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या अंगात नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. ओळीत एएफ-एस किंवा एएफ-पी असेल, तर मोटर आत आहे. नुसते ‘एएफ’ असेल, तर अशा कॅमेऱ्यावर फोकस हाताने फिरवत बसावे लागते. फार स्वस्तात मिळणारी निकॉनची ‘एएफ ७०-३०० जी’ या नावाची जुनी लेन्स अशीच आहे. उलट बाजूने, एएफ-पी ही नवी पद्धत जुन्या कॅमेऱ्यांना कळत नाही: डी३१००, डी५०००, डी९० यांसारख्या कॅमेऱ्यांवर ती लेन्स मुळीच फोकस होत नाही, हातानेही नाही, कारण तिची फोकसची कडी विजेवर चालते. डी३३०० आणि डी५३०० यांना आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते. भाऊबंदांकडून मिळालेला जुना कॅमेरा वापरणाऱ्यांनी या एका मुद्द्यापाशी थांबून आपल्या कॅमेऱ्याचे नाव पुन्हा वाचावे.

कॅननमध्ये हा घोळ नाही, कारण ईएफ आणि ईएफ-एस या सगळ्या लेन्सांत मोटर आतच असते. तिथे फरक मोटरच्या जातीचा आहे. ईएफ-एस ५५-२५० ची २०११ ची आयएस दोन आवृत्ती साधी मोटर वापरते, तिचा आवाज व्हिडिओत उतरतो आणि फोकस होताना समोरचा भाग फिरतो, म्हणून ठरावीक कोनात फिरवून ठेवायचा पोलरायझर फिल्टर लावणाऱ्याची पंचाईत होते. २०१३ च्या आयएस एसटीएम (स्टेपिंग मोटरच्या) आवृत्तीत हे दोन्ही दोष गेले. फोकस शांत झाला आणि किमान फोकस अंतर एक मीटर दहावरून पंच्याऐंशी सेंटिमीटरवर आले. दोहोंत एसटीएम शोधून घ्यावी. किमतीत थोडा फरक असला, तरी माझे मत बदलणार नाही.

किमान फोकस अंतराकडे टेलिफोटो घेणारे सहसा बघत नाहीत, वास्तविक पावसाळ्यात मला या लेन्सचा सर्वाधिक उपयोग तिथेच झाला आहे. पंच्याऐंशी सेंटिमीटरवरून २५० ला चौकटीत सुमारे पावणेआठ सेंटिमीटर रुंदी मावते. चतुर, टोळ, लहान फुलपाखरे एवढ्या अंतरावरून उडून जात नाहीत. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले ब्लू मॉर्मन पंख पसरून बसले, तर त्याच्यासाठी मागेच सरकावे लागते. याला खरी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी लेन्स) म्हणता येणार नाही, पण वेगळी लेन्स न घेता गवतात वाकून बसण्याचे समाधान मिळते.

स्पष्टतेविषयी थोडे कटू सत्य असे, की स्वस्त टेलिफोटो झूम आपल्या लांबच्या टोकाला सर्वांत दुबळी असते आणि आपण ती नेमकी त्याच टोकासाठी घेतो. प्रकाश भरपूर असेल, तेव्हा छिद्र एफ/८ वर न्यावे. बहुतेक लेन्सांमध्ये तेवढ्याने फरक दिसतो. ३०० ची लेन्स २७० च्या आसपास थोडी अधिक स्पष्ट देते, असेही पुष्कळदा आढळते आणि मग २५० विरुद्ध ३०० हा वाद आणखीच पोकळ होतो. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ दिसली, तर घाबरू नये, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल संगणकावर उघडून ती काढता येते. मात्र दुपारी अकरानंतर भिगवणच्या पाण्यावरून किंवा ताडोबाच्या तापलेल्या रस्त्यावरून घेतलेले दूरचे चित्र लाटा उठल्यासारखे दिसत असेल, तर तो तापलेल्या हवेचा परिणाम आहे. लाखांची लेन्सही त्यावर उपाय नाही, पहाटे उठणे हा आहे.

प्रत्यक्ष नावे घ्यायची, तर कॅननच्या एसएलआरसाठी ईएफ-एस ५५-२५० एफ/४-५.६ आयएस एसटीएम हे माझे सरळ उत्तर आहे. वजन ३७५ ग्रॅम, म्हणजे किल्ला चढताना गळ्यात आहे हे विसरायला होते. निकॉनच्या अलीकडच्या प्राथमिक एसएलआरसाठी एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ/४.५-६.३ व्हीआर, वजन ४१५ ग्रॅम. तिच्या नळीवर व्हीआरचे बटण नाही, ते कॅमेऱ्याच्या मेनूतून चालू-बंद करायचे असते. निकॉनचा जुना कॅमेरा असेल, तर एएफ-एस डीएक्स ५५-३०० व्हीआर किंवा छोटी ५५-२०० व्हीआर पाहावी. मिररलेस कॅमेऱ्यांत निकॉन झेड५० साठी झेड डीएक्स ५०-२५० व्हीआर आहे. कॅननच्या आर५० आणि आर१०० साठी आरएफ-एस ५५-२१० आयएस आहे, पण ती लांबच्या टोकाला एफ/७.१ वर येते. या तिन्ही कॅमेऱ्यांच्या अंगात स्थिरीकरण नाही, म्हणून तिथेही ती अक्षरे लेन्सवरच शोधावी लागतात. दोन्ही कंपन्यांचा भर आता मिररलेसवर आहे, तेव्हा एसएलआरची लेन्स घेणे शहाणपणाचे का, असे कोणी विचारेल. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कंपनीच्याच अ‍ॅडाप्टरने आर मालिकेवर फोकस आणि आयएससह चालतात, निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अ‍ॅडाप्टरने झेडवर चालतात. त्यामुळे पैसा पाण्यात जात नाही.

सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० घेऊन एकदाच काय ते संपवावे, असा सल्लाही मिळतो. पक्षी हाच छंद ठरला असेल, तर तो चुकीचा नाही, फक्त सिग्माची हलकी मानली जाणारी आवृत्तीही एक किलो ९३० ग्रॅमची आहे आणि १५० पासून सुरू होत असल्याने पालखीला, सामन्याला, नातवाच्या पळण्याच्या शर्यतीला ती बिनकामाची ठरते. दिवे घाटाच्या वळणावळणांवर वारकऱ्यांची रांग एकीवर एक रचल्यासारखी दिसावी, यासाठी लांबवर उभे राहून १०० ते २५० मधला पल्लाच लागतो. स्वस्त लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये टेलिकन्व्हर्टर बसवून पल्ला वाढवायचा विचारही सोडावा. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक पूर्ण स्टॉप प्रकाश खातो, एफ/५.६ चा एफ/८ होतो आणि कॅननचे मूळ कन्व्हर्टर ५५-२५० वर बसतच नाहीत. समोर स्क्रूने लावायच्या भिंगांविषयी न बोललेले बरे.

जुनी लेन्स घेण्यात कमीपणा नाही, या वर्गातल्या अनेक लेन्स संचात येतात आणि दोन-चार सहलींनंतर कपाटात पडून राहतात. कपाटात पडून राहणे हाच त्यांचा शत्रू आहे. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. मागचे झाकण काढावे, फोनचा दिवा एका बाजूने तिरपा धरून दुसऱ्या बाजूने आत पाहावे आणि तंतू दिसले, तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. धुळीचे चार कण मात्र निरुपद्रवी असतात. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कॅननच्या या वर्गातल्या लेन्ससोबत हूड (समोर लावायचे उन्हाआड कडे) येत नाही, तो वेगळा घ्यावा. तिरप्या उन्हात तो चित्राचा फिकेपणा टाळतो आणि पडझडीत समोरची काच वाचवतो.

पैसे देण्यापूर्वी दुकानाच्या दारात पाच मिनिटे काढावीत. आपलाच कॅमेरा आणि आपलेच कार्ड वापरावे. रस्त्यापलीकडची बारीक अक्षरांची पाटी निवडून झूम शेवटच्या टोकाला न्यावा, छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, आयएसओ आपोआपवर ठेवावे आणि १/१०० सेकंदाला पाच चित्रे काढावीत. मग स्टॅबिलायझर बंद करून आणखी पाच काढावीत. पडद्यावर पाटी पूर्ण मोठी करून दोन्ही पाच-पाच चित्रे ताडावीत. पहिल्या पाचांतली निदान चार सहज वाचता आली पाहिजेत आणि दुसऱ्या पाचांत एखाददुसरे. दोन्हींत फरकच दिसत नसेल, तर स्टॅबिलायझर बिघडलेला आहे. आणि सगळ्या चित्रांत पाटीची डावी बाजू स्पष्ट व उजवी पुसट असेल, तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा एक चित्र काढून पाहावे. पुसट बाजू लेन्सबरोबर फिरली, तर आतली काच कललेली आहे आणि दुकानदाराकडे दुसरा नग मागावा.